बॅटरीचा कप

चहा थंड का होतो, हे मी गेली सव्वीस वर्षं अकरावीच्या पोरांना शिकवतो आहे. उष्णता हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर कप काढायचा, त्यातून तीन बाण बाहेर काढायचे, वहन, अभिसरण आणि प्रारण, आणि शेवटच्या बाकावरच्याला उठवून विचारायचं की बाबा रे, सांग, आता या कपाचं काय होणार? तो म्हणतो, थंड होणार सर. मी म्हणतो, शाब्बास, बस खाली. पण तो थंड होऊ नये म्हणून काय करावं, हे सव्वीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. सुचलं ते या मे महिन्यात, आणि एकदा सुचल्यावर असं काही डोक्यात बसलं की चार दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. वरणात मीठ नाही हे मला पौर्णिमानं सांगितलं.

निमित्त झाले मामाजी, म्हणजे माझे सासरे खुशालराव. राहणार अंजनगाव सुर्जी, वय ब्याऐंशी. सासूबाई पार्वताबाई जाऊन तीन वर्षं झाली, वावर दुसऱ्याला ठोक्यानं कसायला दिलेलं, घरात एकटेच. फेब्रुवारीत न्हाणीत पाय घसरून पडले, ते शेजारीण ताक मागायला आली तेव्हा दुपारी सापडले. हाड मोडलं नाही, पण पौर्णिमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हायच खाल्ली. ती त्यांची एकुलती एक लेक. गाडी करून गेली, बापाला अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी घेऊन आली आणि जाहीर केलं की आता बाबा इथंच राहतील, कायमचे. मामाजी म्हणाले, "राह्यतो ना. रोहिणी लागेपर्यंत राह्यतो."

रोहिणी नक्षत्र लागतं पंचवीस मेला. पेरणीचे दिवस जवळ आले की शेतकऱ्याला गावी जावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. वावर दुसरा पेरणार, पण हे बांधावर बसणार. खरं कारण निराळंच होतं, आणि ते आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं. लेकीच्या घरी माणसानं मुक्काम करू नये.

मामाजींची ही रीत किती कडक, ते सांगतो. आमच्या लग्नानंतर पहिली दोन वर्षं, आचल जन्माला येईपर्यंत, ते आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. अंजनगावहून उन्हातान्हात यायचे, ओसरीत बसून खुशाली विचारायचे, आणि घसा कोरडा पडला की उठून शेजारी अब्दुल गफ्फारच्या घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायचे. ते काही लेकीचं घर नव्हतं. गफ्फारभाईची बायको हलीमाबी पाण्यासोबत गुळाचा खडाही द्यायची, आणि मी जावई माझ्याच घरात बसून सासऱ्यानं शेजारी घेतलेला पाहुणचार बघायचो. आचल झाली आणि पाण्याचं सुटलं. पण मागायचं नाही, हे राहिलंच. समोर येईल ते घेतील, मागणार नाहीत. एकदा पौर्णिमा फोनवर बोलत राहिली आणि दुसरी पोळी वाढायची राहिली, तर मामाजी एका पोळीवर हात धुऊन उठले.

आता चहाकडे येतो. पडल्यापासून त्यांचा हात थरथरायचा. कप उचलायचा, थांबायचं, एक घोट, पुन्हा ठेवायचा. एका चहाला चाळीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला त्यावर साय धरायची. मी विचारायचो, मामाजी, चहा थंडा झाला का? ते म्हणायचे, नाही बापू, मस्त हाये. आणि तो गार चहा डोळे मिटून औषधासारखा घ्यायचे. पौर्णिमानं एकदा न विचारता कप उचलून पुन्हा गरम करून आणला, तर दुसऱ्या दिवसापासून म्हणाले, मले अर्धाच देत जाय. थर्मास आणला, तर तो बघून त्यांचा चेहरा असा उतरला की जणू आम्ही त्यांच्यासाठी खाटल्याजवळ बेसिन बसवलं. शिवाय थर्मास ओतायलाही हात स्थिर लागतो.

आणि एक दिवस खिडकीतून ऐकू आलं. ओसरीत मामाजी गफ्फारभाईला सांगत होते, "लेकीच्या घरी चहाले जड झालो, भाऊ. आता गावाले निंगा लागते."

चोवीस वर्षांत या माणसानं माझ्या घरी एक चमचा साखर मागितली नाही, आणि तो म्हणतो जड झालो.

त्याच संध्याकाळी आचलचा फोन आला. ती पुण्याला नोकरीला असते. मी सहज सगळं बोललो, तर पोरगी म्हणाली, "पप्पा, स्मार्ट मग घ्या ना. तापमान तुम्ही ठरवायचं. अठ्ठावन्न म्हटलं की शेवटच्या घोटापर्यंत अठ्ठावन्न."

शेवटच्या घोटापर्यंत अठ्ठावन्न! सांगतो तुम्हाला, माझ्या अंगावर काटा आला. न्यूटनसाहेबांनी थंड होण्याचा नियम सांगून ठेवला आणि आम्ही तो मुकाट्यानं फळ्यावर लिहीत बसलो, आणि इकडे कोणीतरी कपाच्या बुडात बॅटरी बसवून मोकळा झाला. मी मोबाईलवर सापडतील तितके अभिप्राय वाचले. एका उत्तरपत्रिकेच्या मागं फायदे-तोट्यांचा तक्ता केला. एका विदेशी गृहस्थानं लिहिलं होतं की जो माणूस दहा मिनिटांत चहा संपवतो त्यानं या भानगडीत पडू नये. माझा माणूस चाळीस मिनिटं लावत होता. म्हणजे हा मग खास आमच्याचसाठी बनवलेला होता! गरम करून दे म्हणायची वेळच येणार नाही, हात थरथरला तरी घाई नाही, आणि चहाला जड झालो असं वाटलं नाही की माणूस राहील. माझं गणित इतकं सरळ होतं. किंमत मी पौर्णिमाला निम्मी सांगितली. तिला तीही चौपट वाटली.

आचलनं पुण्याहून मागवला. आठ दिवसांनी तिला संदेश आला की तीन वेळा पार्सल पोचवण्याचा प्रयत्न केला, घर बंद आढळलं. आमच्या ओसरीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ब्याऐंशी वर्षांचा माणूस बसलेला असतो. गल्लीतून कोणतं कुत्रं कितीदा गेलं हेही तो सांगू शकतो. पार्सल आता अमरावतीच्या गोदामात होतं आणि दोन दिवसांत परत जाणार होतं. तारीख चौदा मे. रोहिणीला अकरा दिवस. मी सकाळी सातची एसटी पकडली.

गोदाम अमरावतीच्या बाहेर, पत्र्याचं. खिडकीतला माणूस अतिशय नम्र होता, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही हे त्याला माहीत असावं. पार्सल आचलच्या नावावर. आचल कोण? माझी मुलगी. कुठं आहेत त्या? पुण्यात. मग त्यांना पाठवा ना सर. मी म्हटलं, तिला पुण्याहून आणायचं तर पार्सल पुण्यालाच नेलं असतं की. त्यानं मान डोलावली, पण पार्सल हलवलं नाही. पार्सल सोडवायला लागणारा ओटीपीचा आकडा आचलच्या मोबाईलवर आला आणि आचल मीटिंगमध्ये. अखेर तिनं अधिकारपत्र लिहून त्याचा फोटो पाठवला, तर म्हणे छापील प्रत लागेल. झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, आत कूलरपुढं मालक झोपलेला, आणि दारावर पाटी, एक ते चार बंद. मे महिन्यात वऱ्हाडात माणसानं दुपारी काम करू नये हे मी जन्मापासून जाणतो, पण त्या दिवशी मला ते अन्यायाचं वाटलं.

लिंबाच्या झाडाखाली बसलो. शेजारी एक टरबूजवाला होता. त्यानं विचारलं, पार्सलात काय हाये? मी उत्साहानं सगळं समजावून सांगितलं, बॅटरी, अठ्ठावन्न अंश, शेवटचा घोट. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, चहा गरम ठेवाले इतक्या दूर आले? बाहीर ठेवला असता तं राह्यला असता." मी मनातल्या मनात त्याला माफ केलं. अडाणी माणूस.

साडेचारला पार्सल हातात पडलं. परतीच्या एसटीत सीट इतकी तापलेली की मी मगाचा डबा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतला. चहा गरम ठेवणारं यंत्र तापू नये म्हणून मी ते ओलं करत आणत होतो. यात काही खटकण्यासारखं आहे, हे मूर्तिजापूरपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. त्यापुढंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उद्घाटन. पौर्णिमानं आलं घालून चहा केला. हा मग काळा, तुकतुकीत, खाली बशीसारखी चार्ज करायची चकती, पोटाला एक बारीक दिवा. मोबाईलवर मी अठ्ठावन्न ठरवलं. दिवा पांढरा झाला. मामाजींनी कप उचलला, थांबले, घोट घेतला, ठेवला. मी घड्याळ लावून समोर बसलो होतो. गफ्फारभाई आणि हलीमाबीही येऊन बसले होते, त्यामुळे मामाजींना चहा पिताना चार माणसं बघत होती, पण ते डगमगले नाहीत. अडतिसाव्या मिनिटाला त्यांनी शेवटचा घोट घेतला, कप पालथा करून बूड बघितलं आणि म्हणाले, "गरम हाये."

पौर्णिमा पदर डोळ्याला लावून आत गेली. मी आचलला फोन केला. कॉलेजातल्या तिघांना फोन केला. त्यांतल्या एकानं मागच्या वर्षी मला मेव्हणीच्या लग्नाला बोलावलं नव्हतं, पण आनंदात माणूस असं काही मनात ठेवत नाही. मामाजींनी त्याला नाव दिलं, बॅटरीचा कप. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी सुखी माणूस होतो.

दुपारी तीनचा चहा. मामाजी ओसरीत, पत्र्याखाली. कूलर दिवाणखान्यात, पण त्याच्या वाऱ्यानं त्यांची हाडं दुखतात म्हणून ते आत बसत नाहीत. चहा ओतला. दिवा लाल झाला, तीनदा लुकलुकला आणि विझला. मोबाईलवर अक्षरं आली: यंत्र अति तापले आहे, कृपया थंड जागी न्या.

मी कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं वाद्यसंगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. तिनं विचारलं, सर, खोलीचं तापमान किती आहे? मी म्हटलं, त्रेचाळीस. ती म्हणाली, सर, फॅरेनहाइट? मी भौतिकशास्त्राचा माणूस. मी तिला सांगितलं की त्रेचाळीस फॅरेनहाइटला अकोल्यात लोकांनी शाली काढल्या असत्या. सेल्सियस. आपण भट्टीजवळ आहात का सर? नाही, ओसरीत आहे, आणि आज जरा कमी आहे. तिनं पुस्तकातून वाचून दाखवलं की हे उपकरण चाळीस अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी आहे, त्यापुढं ते स्वतःच्या सुरक्षेसाठी बंद होतं. परत घ्या म्हटलं, तर ती म्हणाली, त्यात चहा ओतला होता का? आता मगात चहा ओतणार नाही तर काय कापूस भरणार? पण एकदा चहा ओतला की स्वच्छतेच्या कारणानं परत घेता येत नाही, असा नियम होता.

मामाजी ऐकत होते. त्यांनी गार होत चाललेला चहा उचलला, डोळे मिटले आणि प्यायले. "मस्त हाये बापू," म्हणाले. मला रडावंसं वाटलं.

दोन दिवसांत सगळ्या जठारपेठेला कळलं. सल्ले यायला लागले. कोणी म्हणालं फ्रिजमध्ये ठेवा आणि झाकण उघडून घोट घ्या. कोणी म्हणालं ओल्या रेतीत पुरा. बाळापूरचे आमचे एक सहकारी, त्यांच्या घराच्या भिंती दीड हात जाड, त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं की कप आमच्याकडे ठेवा आणि मामाजींना चहाला घेऊन येत जा. एक पेन्शनर तर सरळ म्हणाले, सर, तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं. काय केलं होतं मी? चोरी केली होती? पण गल्लीतून जाताना पोरं माझ्याकडं बघून "अठ्ठावन" म्हणायला लागली, आणि मला पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्याच दोघांना उष्णता शिकवायची होती.

मार्ग काढला गफ्फारभाईनं. त्याचं चौकात कूलर बनवायचं दुकान. तो आला, मगाभोवती दोनदा फिरला, दाढी खाजवली आणि म्हणाला, "सर, याले गरमी लागून राहिली. याले कूलर पायजे."

मला आधी थट्टा वाटली. पण संध्याकाळी तो खरंच घेऊन आला. पत्र्याची वीतभर उंच पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, मागं जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, पुढं कपापुरता कोनाडा. ताट्या ओल्या केल्या, पंखा लावला. थंडगार सुगंधी वारा कपाच्या बुडाला लागला. दिवा पांढरा झाला. अठ्ठावन्न! म्हणजे चहा गरम राहावा म्हणून कप थंड ठेवायचा, आणि कप थंड राहावा म्हणून कूलर. हे वाक्य मी तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी मला ते शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक वाटलं. इतका आनंद मला एमएस्सीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

फक्त एक होतं. ताट्या अर्ध्या तासात कोरड्या पडायच्या. मला पेपर तपासायचे होते, पौर्णिमा वाळवणाच्या मागं. दोनदा आम्ही विसरलो आणि दोनदा लाल दिवा लागला. तिसऱ्या वेळी मामाजी म्हणाले, "द्या तो लोटा इकडे. मी टाकतो पानी. बसूनच तं हावो."

पुढं संकटं येत राहिली. तानुबाई आमच्याकडे भांडी घासते. तिला कप फार कळकट वाटला, म्हणून तिनं तारेच्या घासणीनं त्याचा काळा रंग पार खरवडून काढला आणि वर तो बादलीत बुडवून ठेवला. खरं तर रंगच काळा होता. कप मेला. मी दोन्ही हात डोक्याला लावून बसलो. मामाजी उठले, कप पुसला, कोठीतल्या ज्वारीच्या डब्यात खोल खुपसला आणि म्हणाले, "मोटरचं स्टार्टर भिजलं का आमी असंच करतो. परवा काढू." परवा काढला. पांढरा दिवा लागला.

नंतर बॅटरी टिकेना. दिवसभर चकतीवर ठेवून सुद्धा निम्मीच भरायची. मी मोबाईलवर आलेख बघत बसलो होतो, तर मामाजींनी सांगितलं की दुपारी साऱ्या गावाचे कूलर चालतात, लाईनीत दम नसतो, दुपारी मोटर लावली तर तीही जळते, हे तर कप आहे. पहाटे पाचला उठून ते स्वतःच चकती लावायला लागले. पूर्ण भरायची. हळूहळू त्यांना मोबाईल लागेनासा झाला. कपाच्या पोटाला बोट लावून म्हणायचे, छप्पन झाले, अजून दोन पायजे. मी मोबाईल बघायचो. छप्पन. माझ्यातल्या शास्त्रज्ञाला हे फार लागलं, पण मी दर वेळी बघायचो आणि दर वेळी बरोबर यायचं. एकदा मी मुद्दाम मोबाईल लपवून त्रेपन्न असताना विचारलं. त्यांनी बोट लावलं आणि म्हणाले, त्रेपन. याले पानी कमी पडलं.

अशात चोवीस मे उजाडली. मामाजींनी आदल्या संध्याकाळीच पिशवी भरली होती. दोन धोतरं, दुपट्टा, पार्वताबाईंचा फोटो. पौर्णिमा सकाळपासून नुसती भांडी आपटत होती. मी हरलो होतो. चहा गरम राहत होता, शेवटच्या घोटापर्यंत अठ्ठावन्न, आणि माणूस तरी निघाला होता. म्हणजे माझं गणित मुळातच चुकलं होतं. त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी स्कूटरची किल्ली घेतली. मामाजी ओसरीत उभे राहून मला कपाबद्दल सांगत होते, गावाला जाताना माणूस गड्याला बैलाचं सांगतो तसं. पहाटं पाचले लावा. ताट्या आठ दिवसांनी उलट्या करा. पानी वरून नका टाकू, कडेनं टाका. तानुबाईच्या हाती देऊ नका.

मी म्हटलं, हो, करून दाखवतो. लोटा घेतला आणि पाणी टाकलं. कसं टाकलं देव जाणे. कडेनं टाकायचं ते वरून पडलं, पंख्यात गेलं, पंखा फर्र करून बंद पडला. लाल दिवा. पौर्णिमा दारात येऊन उभी राहिली. शपथेवर सांगतो, मी मुद्दाम केलं नाही. तिचा अजून विश्वास नाही.

मामाजींनी त्या लाल दिव्याकडं बघितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. टोपी काढून खुंटीला लावली. गफ्फारभाईला हाक मारून दुसरा पंखा मागवला, ताट्या काढून पुन्हा बसवल्या, खाली बसून कप मांडीवर घेऊन पुसला. हे सगळं करताना तोंडानं पुटपुटत होते की अशानं हे चार दिवसांत मरन, कोनाच्या भरवशावर टाकून जावं. पंखा फिरला. नंतर वर न बघता म्हणाले, "पौर्णिमा, चहा टाक वं."

गफ्फारभाईच्या हातातला स्क्रूचा पेचकस तसाच राहिला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि आमच्या घरात या माणसानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

पौर्णिमा म्हणाली, "बाबा, तुमाले पायजे?"

"मले कायले पायजे? याच्यात टाकून पाहा लागते ना, चालते का नाही ते."

ती आत धावली. तिनं साखर दोनदा टाकली. कप चालला. पंचवीस मेला रोहिणी लागली, आणि मामाजी ओसरीत ताट्यांना पाणी टाकत होते. कपाच्या नावानं मागणं मात्र सुरू झालं ते थांबेना. सकाळी दोनदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. याले आलं पायजे. याले आज साखर जास्त झाली. चहासोबत काही कोरडं असलं तं बरं, नुसत्या चहानं हे तापते. त्यामुळे कपासाठी शेवही यायला लागली. पौर्णिमा दिवसभर गॅसजवळ उभी असते आणि इतकी खुशीत मी तिला आचलच्या बारशानंतर बघितली नव्हती.

मृग लागला. पाऊस झाला, पारा तिशीवर आला. आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की कप बिनकूलरचा चालतो आहे. ताट्या कोरड्या, पंखा बंद, दिवा पांढरा, अठ्ठावन्न. कशाचीच गरज नाही. कंपनीनं वचन दिलं होतं तस्सा चालतो आहे. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पौर्णिमाही बघत होती. आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या संध्याकाळी मामाजी गफ्फारभाईकडे बसायला गेलेले बघून मी चकतीची वायर हळूच जराशी ढिली केली. शिक्षकानं असं करू नये. पण केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कप भरला नव्हता. मामाजींनी वायर घट्ट केली, चहा मागवला. मी पुन्हा ढिली केली. असं पाच-सहा दिवस चाललं. माझा हात यात चांगला बसत चालला होता, आणि मला वाटत होतं की हा प्रयोग तरी शेवटी यशस्वी झाला.

सातव्या दिवशी मी वायर पिळत होतो आणि मागं खाकरल्याचा आवाज आला. मामाजी उभे होते. मी वायर हातात धरून तसाच उकिडवा. त्यांनी पाटावर बसून घेतलं. कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"राहू द्या ढिली," ते म्हणाले. "रोज सकाळी मले काम राह्यते."

मी मान खाली घातली. बाहेर गफ्फारभाईच्या घरी कोणीतरी कूलर धुऊन ठेवत होतं. मामाजी म्हणाले, "पौर्णिमाले सांगा चहा टाक म्हना. या कपात नको. साध्या कपात. मले पायजे."

मी स्वयंपाकघराकडं असा धावलो की ओसरीच्या पायरीला अंगठा ठेचला. ते नख अजून काळं आहे. लोक अजूनही विचारतात, सर, हे स्मार्ट मग घेण्यासारखे असतात का? मी म्हणतो, जरूर घ्या. फक्त एक बघा, चांगला चालणारा घेऊ नका.